बँडवाल्यांचे साठ टक्के

तोफवाले आणि बँडवाले पहिल्यांदा एकमेकांशी बोलले, त्या दिवशी माजी सैनिक लाभ कार्यालयाच्या छपरावरची झाडून सगळी कबुतरं उडाली आणि आठवडाभर परतली नाहीत. शेजारच्या इमारतीतल्या दंतवैद्याचा हात दाढ काढता काढता असा दचकला, की ती दाढ त्या माणसाच्या तोंडात आजही शाबूत आहे, आणि शेजारची भलतीच निघाली आहे. दुसऱ्या मजल्यावरचे एक साहेब म्हणे मेजाखाली जाऊन बसले. ते लढाईवर जाऊन आलेले होते, त्यामुळे मेजाखाली जायचं त्यांना वळण होतं. पण तिथून त्यांनी दोनदा मदत मागितली असं शिपाई सांगतो, ते मात्र जरा जास्त झालं.

भांडण नव्हतं. दोन गृहस्थ बाकावर मांडीला मांडी लावून बसले होते आणि कितवा नंबर चालू आहे, एवढंच एकमेकांना विचारत होते. दोघांनाही धड ऐकू येत नव्हतं. गंमत अशी, की बहिरा हा समोरचा आहे आणि आपण माणुसकी म्हणून जरा आवाज चढवतो आहोत, अशी दोघांचीही प्रामाणिक समजूत होती.

खिडकीतल्या बाईंनी शेवटी दोन नंबर एका कागदावर लिहून काचेला चिकटवले. बाई काचेआड बसत. त्या काचेला बोलण्यासाठी एक गोल भोक होतं, आणि तोफवाले आतापर्यंत चार वेळा त्या भोकासमोर उभे राहिले होते. चारही वेळा बाई काय म्हणाल्या त्यापेक्षा भोक वाकडं कापलंय, हेच त्यांच्या मनात भरलं होतं. त्याला कारण होतं. एकोणीस वर्षं तोफखान्यात काढून निवृत्त झाल्यावर तोफवाले मेव्हण्याच्या काचेच्या दुकानात काचा कापायला लागले होते, आणि वाकडी कापलेली काच दिसली की त्यांना आपलं दुखणंसुद्धा आठवत नसे.

तर नंबर लागले. दोघांना दोन लिफाफे मिळाले. दोघांनी ते त्याच बाकावर उघडले.

बँडवाल्यांचं पत्र एका ओळीचं होतं. सेवाकाळात श्रवणहानी, साठ टक्के, मंजूर, दोन्ही कानांना यंत्रं द्यावीत.

तोफवाल्यांचं पत्र अडीच पानांचं होतं. तोफवाल्यांनी आधी त्याचं वजन हातात जोखलं, शेजाऱ्याच्या चिटोऱ्याकडे दयेने पाहिलं, आणि मग वाचायला लागले. अडीच पानांचा अर्थ एवढाच होता, की अपील मान्य नाही, अमान्यही नाही. नवी चाचणी करून फेरतपासणीसाठी खालच्या कार्यालयाकडे परत. म्हणजे पाहुण्याला 'या' नाही, 'जा' नाही; दार किलकिलं ठेवून यजमान आत निघून गेलेला.

"तुमचं काय झालं?" बँडवाल्यांनी विचारलं. उरलीसुरली कबुतरं तेव्हा उडाली.

"तुम्ही होता कुठे?" तोफवाल्यांनी उलट विचारलं.

"बँडमध्ये! एकवीस वर्षं! तुतारी!"

तोफवाल्यांनी त्या माणसाकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. चकचकीत बूट, गुळगुळीत दाढी, फुंकून फुंकून टोपलीएवढे झालेले गाल. आपण एकोणीस वर्षं तोफेशेजारी उभे राहिलो. हा माणूस एकवीस वर्षं पिपाणीमागे उभा राहिला. पिपाणीला साठ टक्के, आणि तोफेला 'फेरतपासणीसाठी परत'!

त्या क्षणी तोफवाल्यांच्या पोटात जे दुखायला लागलं, ते पुढे दोन वर्षं थांबलं नाही.

*

तोफवाल्यांच्या बहिरेपणाची खरी झळ दोन जागी लागत होती. एक दुकानात.

ज्यांनी कधी काच कापली नाही त्यांना वाटतं, की हे डोळ्यांचं आणि हातांचं काम आहे. ते कानांचं काम आहे. कापणीचं चाक काचेवरून बरोबर फिरलं, की एक बारीक, सलग चर्र असा आवाज येतो. तो तुटला, की तिथे काच दगा देणार. जाणता कारागीर तिथेच हात थांबवतो. तोफवाल्यांना तो आवाज येत नसे. ते काचेवर नाक टेकवून रेघ बघत, तिला तळहाताने चाचपत आणि मग ठोकत. पाचातली एक काच भलतीकडेच तडकत असे.

मेव्हणा भला होता, पण भल्या माणसाच्या शांतपणाला एक धार असते. तो संध्याकाळी तुकड्यांच्या पिंपापाशी येई, आत डोकावे आणि म्हणे, "दाजी, आज पिंप लवकर भरलं."

"काच भिकार आली आहे."

"गेल्या महिन्यातही भिकारच आली होती."

"मग दुकानदार बदल."

"दुकानदार मीच आहे, दाजी."

तो मशीन घ्यायचं म्हणत होता. आपोआप काच कापणारं. त्याचं रंगीत पत्रक दुकानाच्या भिंतीवर लावलेलं होतं, आणि तोफवाले येता-जाता त्या मशीनकडे, सवतीच्या फोटोकडे बघावं तसं बघत.

दुसरी झळ घरी. तोफवालीणबाई मुळात इतक्या हळू बोलणाऱ्या, की लग्न ठरताना तोफवाल्यांच्या आईने "मुलगी मुकी तर नाही ना?" असं दोनदा विचारून घेतलं होतं. त्या हळू बोलत आणि बोलता बोलता स्वतःशीच हसत, आणि त्या हसण्याचं कारण समजून घ्यायला माणसाला जवळ सरकावं लागे. तोफवाले त्या काळात खूप सरकले. मग हळूहळू कान गेला, आणि बाई मोठ्याने बोलायला लागल्या. आधी जरा, मग बऱ्याच, मग पूर्ण. ओरडून बोलताना माणसाचा चेहरा भांडल्यासारखा होतो; विषय भाजीचा का असेना. तोफवाल्यांनी गेली बारा वर्षं बायकोचा तोच चेहरा पाहिला होता.

घसा फार दुखायला लागला, तेव्हा बाईंनी युक्ती काढली. त्यांना बोलवायचं असलं, की त्या खोलीतला दिवा दोनदा बंद-चालू करत. तोफवाल्यांनी त्यावर दोनदा वायरमन बोलावला आणि एकदा सगळी वायरिंग उपटली, तेव्हा कुठे बाईंनी खुलासा केला.

हे सगळं एका यंत्राने मिटण्यासारखं होतं. यंत्र मंजुरीशिवाय मिळत नव्हतं. आणि मंजुरी गावभर फिरून 'फेरतपासणीसाठी परत' येत होती.

*

बँडवाले दोन गल्ल्या सोडून राहायचे, हे नंतर कळलं. विधुर, एकटे आणि बोलघेवडे. तीन गोष्टी एका माणसात जमल्या, की तो रोज संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जातो. ते तोफवाल्यांच्या घरी येऊ लागले.

पहिल्या दिवशी ते यंत्रं दाखवायलाच आले. शेंगदाण्याएवढी, कातडीच्या रंगाची, दोन कानांत दोन.

"वहिनी, तुमच्या नळातून पाणी गळतंय," खुर्चीवर बसता बसता ते म्हणाले. "तिसऱ्या थेंबाला जरा थांबतंय. मग परत."

तोफवाल्यांना तो नळ गळतो हे त्या दिवशी कळलं. स्वतःच्या घरातला नळ, आणि त्याची बातमी बँडकडून!

पण खरा घाव पुढे बसला. बाई काहीतरी बोलल्या. हळू. इतक्या हळू, की मानेवरची शीरही हलली नाही. बँडवाले हसले, आणि बाईही हसल्या, स्वतःशीच, तशाच, पूर्वीसारख्या. तोफवाले समोरच्या खुर्चीत ताठ बसून होते. बायकोचा तो चेहरा ते बारा वर्षांनी बघत होते. आणि तो दुसऱ्याकडे वळलेला होता.

"काय झालं हसायला?" त्यांनी विचारलं.

बाईंनी मान वळवली, गळ्याच्या शिरा ताणल्या आणि भांडखोर चेहरा करून ओरडल्या, "काही नाही हो! असंच!"

बँडवाल्यांनी दचकून यंत्रांचा आवाज कमी केला.

त्यानंतर रोज तेच. बँडवाले यायचे, चहा व्हायचा, आणि ती दोघं बोलायची. बाई एका अंगाला वळून बसत, त्यामुळे त्यांचे अर्धे ओठ तोफवाल्यांना दिसत नसत. अर्ध्या ओठांवरून माणूस काय काय कल्पना करू शकतो, याला मर्यादा नाही. बँडवाले उठून गेले, की तोफवाले त्यांच्या वागण्यातला एकेक दोष शोधून काढत.

"तो माणूस चहा सुर्र करून पितो."

"तुम्हाला कसं ऐकू आलं?" बाई ओरडत.

"दिसतं! ओठ पुढे काढतो!"

"तुतारी वाजवायचे ते!"

"मग चहा कशाला वाजवायचा?"

मेव्हण्यापाशी तर त्यांनी त्रैराशिकच मांडलं. "वीस पावलांवर उभं राहणाऱ्याला साठ टक्के. मग दोन पावलांवर उभं राहणाऱ्याला किती?"

"बँड तोफेपासून वीस पावलांवर असतो?"

"धर असतो."

मेव्हण्याने हिशेब केला. "सहाशे येतात, दाजी. माणसात बसत नाहीत."

*

नव्या चाचणीचं बोलावणं आलं, तेव्हा बँडवाल्यांनी आपणहून सल्ला दिला. "घाबरू नका हो. आवाज आला की बटण दाबायचं. मला तर पन्नासातले दहाबाराच आले."

झालं. एवढं एक वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. पन्नासात दहाबारा! तोफवाल्यांच्या डोक्यात, मंजुरी म्हणजे काय आणि चाचणी कशासाठी, हे सगळं पुसलं गेलं आणि एकच गोष्ट उरली: पिपाणीवाल्याला बारा मार्क मिळाले आहेत.

चाचणीची खोली म्हणजे एक कपाट होतं. आतून गादी लावलेलं, समोर दुहेरी काच, आणि काचेपलीकडे एक मुलगी यंत्राच्या बटणांवर हात ठेवून बसलेली. तोफवाल्यांच्या कानांवर तिने गोळे चढवले, हातात बटण दिलं आणि दार लावलं.

तोफवाल्यांना काही ऐकू आलं नाही. पण ते एकोणीस वर्षं तोफखान्यात होते, आणि त्यातली शेवटची सहा-सात वर्षं त्यांनी कानांवर काढलीच नव्हती. तोफांच्या धडाक्यात हुकूम ऐकू येत नाही. जाणता तोफवाला साहेबाच्या हाताकडे बघतो. हात वर, तयार. हात खाली, आग. कान जात चालले होते तरी तोफवाल्यांना कुणी तोफेवरून काढलं नाही, ते या हात बघण्याच्या जोरावर.

त्यांनी मुलीच्या हाताकडे पाहिलं. हात काचेच्या चौकटीखाली होता. पण दुहेरी काच जरा तिरकी बसवली होती (ते त्यांना आत येतानाच खटकलं होतं), आणि तिच्या खालच्या कोपऱ्यात मुलीच्या मनगटाचं प्रतिबिंब पडत होतं. मनगट हललं, की तोफवाले बटण दाबत. डाव्या कानाला पंचवीस, उजव्या कानाला पंचवीस. एकही चुकला नाही.

मुलगी थक्क झाली. "काका, तुमचे कान विशीतल्या मुलासारखे आहेत!"

तोफवाल्यांनी तिचे ओठ वाचले आणि छाती पुढे काढली.

घरी आले ते विजयी मुद्रेने. बँडवाले बसलेलेच होते. "पन्नासपैकी पन्नास! नुसता हात बघून!" तोफवाल्यांनी दारातूनच जाहीर केलं.

घरात शांतता पसरली. म्हणजे बाकीच्या दोघांना ती ऐकू आली. बाईंनी कपाळावर हात मारला. बँडवाल्यांनी चहाचा कप हळूच खाली ठेवला.

"अहो," बाई ओरडल्या, आणि या वेळी चेहरा खरंच भांडणाचा होता, "तुम्ही नापास व्हायला गेला होतात!"

*

दोन महिन्यांनी फाइल पुन्हा परत आली. या वेळी साडेचार पानं होती. चाचणीत श्रवणशक्ती उत्तम. ही गोष्ट तक्रारीशी जुळत नाही. अर्जदाराने ज्या धडाक्याने कान गेल्याचं म्हटलं आहे, त्या दिवशी रुग्णालयात नोंद नाही. तोफेच्या वहीत त्या दिवशीच्या शेऱ्याच्या रकान्यात 'सर्व ठीक' असं आहे. सबब नवी चाचणी, आणि घटना डोळ्यांनी पाहिलेल्या साक्षीदाराचा जबाब, साठ दिवसांत. न आल्यास प्रकरण कायमचं बंद.

'सर्व ठीक' हे तोफवाल्यांच्या स्वतःच्या हातचं होतं.

अर्जात त्यांनी फक्त धडाक्याची तारीख लिहिली होती; त्यामागची गोष्ट कुणालाही, बायकोलाही, सांगितली नव्हती. सव्वीस वर्षांपूर्वी एका मोठ्या पाहुण्याला तोफांची सलामी होती. तीन पलटणींच्या तोफा, पाच पलटणींचे बँड. तोफवाले आपल्या तोफेचे प्रमुख. ते तोफेच्या तोंडापाशी एक पुसणी राहिली होती ती उचलायला दोन पावलं पुढे गेले, आणि तेवढ्यात साहेबांनी हात वर करून खाली घेतला. तोफवाल्यांनी शिरस्त्याप्रमाणे हाताकडे पाहिलं आणि "आग!" म्हणाले. साहेबांनी टोपी सरळ केली होती.

तोफ उडाली. वेळेआधी, एकटी, भर समारंभात. डाव्या कानात काहीतरी फुटल्यासारखं झालं आणि मानेवर ओल आली. ती त्यांनी कॉलरने झाकली. धूर होता, गडबड होती, कोणाची तोफ ते नक्की झालंच नाही. रुग्णालयात गेलो तर विचारतील, आणि विचारलं तर कळेल की हा माणूस हुकूम ऐकत नाही, बघतो. तोफवाले बराकीत गेले, तोफेची वही काढली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: सर्व ठीक.

तोफेच्या नावाला डाग लागला नाही. तोफ नंतर भंगारात गेली, ती निष्कलंक गेली.

आता साक्षीदार कुठून आणायचा, या विचारात ते संध्याकाळी खुर्चीत बसून होते. बँडवाले नेहमीप्रमाणे आले. बाईंनी त्यांना विचारलं असावं, की तुमचे कान कसे गेले. कारण बँडवाले सरसावून बसले आणि हातवारे करत सांगू लागले. आणि ते तोफवाल्यांच्या थेट समोर होते, त्यामुळे त्यांचे ते पुढे आलेले ओठ तोफवाल्यांना अक्षर न अक्षर वाचता आले.

"सलामी होती, वहिनी. आमचा बँड तोफांच्या डाव्या अंगाला, वीस पावलांवर. आणि मधेच एक तोफ उडाली! काही हुकूम नाही, काही नाही! कोण गाढव होता, देव जाणे. मी त्याच संध्याकाळी रुग्णालयात गेलो, म्हणून माझी नोंद तरी राहिली."

तोफवाल्यांचा चहा थंड झाला.

मेव्हण्यापाशी रागाच्या भरात धरलेली ती वीस पावलं खरी निघाली होती. तोफ आपली. धडाका आपला. आणि त्या धडाक्याचे साठ टक्के, दोन यंत्रं, नळाचे थेंब, बायकोचं हसणं, सगळं या माणसाच्या पदरात! आपण स्वतःच्या हाताने याला साठ टक्के दिले आणि आपल्यासाठी 'सर्व ठीक' लिहून ठेवलं. मत्सराला एवढं चांगलं कारण फार थोड्या माणसांना मिळतं.

तोफेवरचे गडी कधीच पांगले होते, आणि सापडण्यासारखा साक्षीदार जगात होता तो हाच एक. त्याला विचारायचं तर आधी सांगावं लागणार होतं, की तो गाढव मी.

*

तोफवाल्यांनी हे एकेचाळीस दिवस लांबवलं. या काळात त्यांनी बावीस काचा फोडल्या, आणि मेव्हण्याने मशीनवाल्याला फोन केला.

फोन केला हे मेव्हण्याने त्यांना सांगितलं नाही, पण दुकानात एक माणूस येऊन टेप लावून जागा मोजून गेला. तोफवाल्यांचं टेबल जिथे होतं, नेमकी तीच जागा. ते तसेच, हाताला काचेची पूड लागलेली असताना, बँडवाल्यांच्या घरी गेले.

एक खोली, एक पलंग, भिंतीला टेकून स्वरलिपीचे कागद ठेवायचं स्टँड, आणि मांडीवर जुनं फडकं घेऊन तुतारीच्या खिट्ट्या पुसत बसलेले बँडवाले.

"त्या दिवशीची तोफ," तोफवाले म्हणाले.

"कुठली?"

"वेळेआधीची. ती माझी."

बँडवाल्यांचा हात थांबला. "म्हणजे ते गाढव…"

"मीच."

तोफवाले कानांबद्दल बोलणं ऐकायच्या तयारीने आले होते. पण बँडवाले उभे राहिले आणि त्यांचे ते फुगरे गाल थरथरायला लागले.

"बारा मात्रा!" ते म्हणाले. "एकवीस वर्षं मी मागच्या रांगेत उभा राहून पों पों केलं. अख्ख्या नोकरीत मला एकट्याने वाजवायच्या बारा मात्रा मिळाल्या. बारा! त्या दिवशी मी रांगेतून पुढे आलो. सगळे थांबले. मी सुरुवात केली. चौथ्या मात्रेवर…"

"धडाम," तोफवाल्यांनी वाक्य पुरं केलं.

"तुम्ही बोलू नका! लोकांना आजही काय आठवतं? तोफ! जो भेटतो तो म्हणतो, अहो, त्या दिवशी काय तोफ उडाली होती! तुतारी कोणाला आठवते? सव्वीस वर्षं मी त्या तोफेवर जळतोय!"

तोफवाले खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. आपल्यावर कुणी जळत असेल, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. त्यांना, खरं सांगायचं तर, किंचित बरं वाटलं.

"जबाब लिहून हवाय," ते म्हणाले.

बँडवाल्यांनी दोन्ही कानांतली यंत्रं काढली आणि बशीत ठेवली. त्यांच्या घरी याचा अर्थ 'आपण निघावं' असा होता.

त्यानंतर ते संध्याकाळचे येईनासे झाले. बाईंनी चार दिवस वाट पाहिली आणि मग दिवा दोनदा बंद-चालू केला.

"काय केलंत तुम्ही त्यांना?"

तोफवाल्यांनी सांगितलं. तोफ, टोपी, कॉलर, वही, सगळं. बाई ऐकत राहिल्या आणि शेवटी काहीतरी बोलल्या, ओरडायचं विसरून. तोफवाल्यांना ते कळलं नाही. त्यांनी परत विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई दोन गल्ल्या ओलांडून गेल्या आणि तासाभराने आल्या. काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. घसा बसलाय म्हणाल्या.

सत्तावन्नाव्या दिवशी बँडवाले काचेच्या दुकानात आले. यंत्रं कानांत होती. त्यांनी खिशातून कागद काढला आणि मेव्हणा, दोन गिऱ्हाइकं आणि मशीनचं पत्रक यांच्यासमोर मोठ्याने वाचला. तोफवाल्यांनी तो नंतर स्वतः वाचला:

"सदर तोफ हुकुमाशिवाय उडाली, हे मी स्वतः पाहिले. सदर अर्जदार त्या वेळी तोफेच्या तोंडापासून दोन पावलांवर होते व तेथे त्यांचे काहीही काम नव्हते. सदर अर्जदारास त्या काळीही ऐकू येत नसावे, अन्यथा त्यांना माझी तुतारी ऐकू आली असती व त्यांनी थोडा धीर धरला असता. मी चौथ्या मात्रेवर होतो. ही बाब नोंदीत घ्यावी."

"शेवटची ओळ कशाला?" तोफवाले म्हणाले.

"ती राहणार. नाहीतर जबाब परत द्या."

ती राहिली.

"आणि चाचणीला जाल तेव्हा," दारातून बँडवाले वळून म्हणाले, "डोळे मिटा."

तोफवाले पुन्हा त्या कपाटात बसले. मुलीने गोळे चढवले, दार लावलं. त्यांनी डोळे मिटले. मुलीचं मनगट नाही, काचेचा कोपरा नाही. ते बटणावर अंगठा ठेवून वाट बघत राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. पाच-सहा वेळा काहीतरी आलं, लांब, भिंतीपलीकडून आल्यासारखं. बाकी काही नाही. आपल्याभोवती एवढं काहीच नाही, हे त्यांना तोवर माहीत नव्हतं. डोळे उघडे असताना ते कळत नाही. दार उघडून मुलीने खांद्याला हात लावला, तेव्हा ते दचकले.

*

मंजुरी अकरा महिन्यांनी आली. पत्र एका ओळीचं होतं. सेवाकाळात श्रवणहानी, पस्तीस टक्के, डाव्या कानाला यंत्र द्यावं. उजवा कान वयोमानात धरला होता.

"पस्तीस!" तोफवाले खिडकीतल्या बाईंना म्हणाले. "त्यांना साठ!"

बाईंनी टक्केवारी वाढवून मागायचा फॉर्म भोकातून बाहेर सरकवला.

यंत्र घालून ते संध्याकाळी घरी आले. बँडवाले पुन्हा यायला लागले होते. आतून बोलणं येत होतं, आणि तोफवाले पायरीवरच थांबले. बाईंचा आवाज. हळू, जरा घोगरा झालेला, पण तोच. दोन वर्षं जे अर्ध्या ओठांवर दिसलं होतं, ते आज ऐकायला मिळणार होतं. त्यांनी डावा कान दाराकडे केला.

"वायसर बदलला तरी गळतोच हो," बाई म्हणत होत्या.

"चामड्याचा घाला, वहिनी. रबराचा टिकत नाही."

"तुम्ही मागेही तेच म्हणाला होतात."

"गेली दोन वर्षं तेच म्हणतोय." आणि दोघं हसली.

तोफवाले पायरीवर उभे राहून नळाच्या वायसरबद्दलचं ते बोलणं शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग आत गेले. बाईंनी त्यांना पाहिलं, गळ्याच्या शिरा ताणल्या आणि सवयीने ओरडल्या, "आलात का?"

यंत्र शिट्टीसारखं किंचाळलं. तोफवाल्यांनी ते काढून खिशात ठेवलं.

दुकानात तोवर मशीन आलं होतं. तोफवाले आता कडा घासतात. त्याला कान लागत नाही.

टक्के वाढवून मागायला नव्वद दिवसांची मुदत होती. ती गेली.